पिल्लाच्या तोंडाला वास का येतो आणि तो कसा घालवायचा

पिल्लू लाडानं तोंड चाटायला आलं आणि तुम्हाला मान फिरवावी लागली, तर त्याच्या तोंडात डोकावायची वेळ झाली. बऱ्याच घरांत 'कुत्रा म्हटला की वास येणारच' असं म्हणून विषय सोडून देतात, नाहीतर पुदिन्याच्या वासाचं काहीतरी आणून पाण्यात टाकतात. यातलं काहीच करू नका. निरोगी कुत्र्याच्या तोंडालाही थोडा वास असतो, पण तो जवळ गेल्यावरच जाणवतो. लांबून नाकात शिरणारा वास कुठल्या तरी ठरावीक जागेतून येत असतो, आणि दोन वर्षांच्या आतल्या कुत्र्यात ती जागा बहुतेकदा नुसत्या डोळ्यांनी सापडते.

वास तयार होतो जंतूंमुळे. दातांवर, हिरडीच्या कडेला आणि जिभेच्या मागच्या भागावर जंतूंचा चिकट थर बसतो. अन्नातली, लाळेतली आणि झडलेल्या पेशींमधली प्रथिनं हे जंतू फोडतात, आणि त्यातून गंधकयुक्त वायू सुटतात. सडलेल्या अंड्यासारखा वास यायचं कारण हेच. थर तसाच राहिला तर तोंडात कितीही सुगंध फवारला तरी तासाभरात सगळं पहिल्यासारखं होतं.

आधी वासाची जागा शोधा

तोंडाजवळ वास येतो म्हणजे तो दातांचाच असतो असं नाही. खाणं होऊन दोन-तीन तास झाले की गॉजचे तीन स्वच्छ तुकडे घ्या. पहिला तुकडा वरच्या मागच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूवर, हिरडीलगत पाच-सहा वेळा फिरवा. दुसरा खालच्या ओठाच्या घडीत फिरवा, सुळ्याच्या जरा मागे जिथे केस ओले असतात तिथे. तिसरा शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या कातडीवर टेकवा. आता एकेक हुंगा. पहिल्याला वास आला तर गडबड दात-हिरड्यांची आहे. दुसऱ्याला आला तर ओठाच्या घडीत ओल आणि जंतू साठलेत. लोंबत्या ओठांच्या कुत्र्यांत हे फार आढळतं. तिसऱ्याला माशासारखा उग्र वास आला तर गुदग्रंथी (गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या वासाच्या लहान पिशव्या) भरल्यात, कुत्रा तिथे चाटतो आणि तोच वास तोंडाला लागतो. असा कुत्रा जमिनीवर बूड घासत चालतानाही दिसतो. त्याच्या तोंडात ब्रश घालून काही उपयोग नाही, त्या ग्रंथी डॉक्टरांकडून रिकाम्या करून घ्याव्या लागतात.

यानंतर तोंड बघा. पिल्लाला उजेडाकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही त्याच्या बाजूला बसा. समोरून वाकलात तर ते बिचकतं. लगेच जबडा उघडायला जाऊ नका. एका हातानं नाकाडाला खालून आधार द्या आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ओठ वर आणि मागे सरकवा. आधी सुळा दिसेल, आणखी मागे ओढलंत की वरची सगळ्यात मोठी दाढ दिसेल. हीच दाढ सर्वांत आधी घाण होते, कारण लाळेच्या नळ्या तिच्या जवळच उघडतात आणि लाळेतले क्षार तिथेच बसतात. हिरडीची कडा नीट बघा. ती फिकट गुलाबी आणि दाताला घट्ट चिकटलेली असली पाहिजे. कडेला लाल रेघ असेल किंवा कडा फुगलेली असेल तर सूज आहे. दातावर नख हळूच ओढून बघा: मऊ, पांढुरकं, खरवडून निघणारं असेल तर तो ताजा थर, खरखरीत, पिवळट-तपकिरी आणि नखाला दाद न देणारं असेल तर ते कीटण.

शेवटी जबडा उघडून टाळूवर, जिभेवर आणि जिभेखाली एक नजर टाका. सगळं मिळून अर्धा मिनिट पुरे. पिल्लू ओरडलं, अंग चोरलं किंवा एकाच बाजूला हात लावू देत नसेल तर जबरदस्ती करू नका. दुखतंय कुठे याचं उत्तर मिळालेलंच आहे.

दात बदलतानाचा वास

तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात यायला लागतात. ते २८ असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांचं झाल्यावर समोरचे बारीक दात पडू लागतात, पाचव्या-सहाव्या महिन्यात सुळे बदलतात आणि सातवा महिना संपेपर्यंत कायमचे ४२ दात जागेवर आलेले असतात. या काळात हिरडीत छोट्या उघड्या जागा असतात, त्यात रक्त, लाळ आणि अन्नाचे कण मिसळतात. वास गंजक्या लोखंडासारखा, किंचित आंबूस येतो. चावायच्या खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसतो. पडलेला दात पिल्लू बहुधा गिळून टाकतं, त्यानं काही होत नाही.

हा वास आपोआप जातो. तोवर कोरडं खाणं कोमट पाण्यात १०–१५ मिनिटं भिजवून द्या. वीस मिनिटांत जे संपलं नाही ते उचला. दिवसातून एकदा ओल्या गॉजनं दात हलक्या हातानं पुसा. स्वच्छ कापड ओलं करून, पिळून, घट्ट पीळ देऊन फ्रीझरमध्ये ठेवा आणि तुमच्या समोरच चावायला द्या. गारव्यानं हिरडी शांत होते. धागे निघायला लागले की ते फेकून द्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, चुकूनही देऊ नका. बाळांच्या हिरड्यांना लावायची बधिर करणारी जेलही नको. त्यातलं बेंझोकेन कुत्र्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घालवतं.

पू दिसला, गाल किंवा नाकाड एकाच बाजूनं सुजलं, किंवा सात महिने उलटूनही वास तसाच राहिला, तर त्याचा दोष दात बदलण्यावर टाकू नका.

न पडलेला दुधाचा दात

तरुण कुत्र्यातलं सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण हे आहे, म्हणून इथे थोडं थांबू. कायमचा दात आला तरी दुधाचा पडत नाही, दोघं खेटून उभे राहतात. लहान चणीच्या जातींत हे फार होतं आणि बहुतेक वेळा सुळ्यांचं होतं. ओळखायला सोपं आहे: दुधाचा सुळा बारीक आणि सुईसारखा टोकदार, कायमचा जाड. वरच्या जबड्यात नवा सुळा जुन्याच्या पुढे येतो, खालच्या जबड्यात जुन्याच्या आतल्या बाजूला. दोघांमधल्या फटीत केस आणि अन्न अडकतं. गॉज तिथून ओढून काढला की त्यावर राखाडी, दुर्गंधीयुक्त लगदा येतो. ही फट ब्रशनं साफ होत नाही आणि हिरडी तिथूनच सुटायला लागते.

नियम साधा आहे: एकाच जातीचे दोन दात एकाच जागी एकाच वेळी नसावेत. नवा दात हिरडीतून वर आलेला दिसतोय आणि जुना अजून घट्ट आहे, तर लवकर डॉक्टरांना दाखवा. 'पडेल कधीतरी' म्हणून थांबलं की खालचा सुळा आतल्या बाजूलाच वाढतो आणि तोंड मिटताना टाळूत रुततो. पिल्लू सहा महिन्यांच्या आसपास असेल आणि नसबंदी ठरलेली असेल तर त्याच भुलीत दात काढता येतो. पण सुळा टाळूला लागत असेल तर तेवढंही थांबायचं नसतं. घरी पकडीनं ओढायचा प्रयत्न करू नका. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब आणि नाजूक असतं. ते मोडून आत राहिलं तर तिथे पू होतो आणि शेजारच्या नव्या दातालाही इजा होते.

मोडलेल्या दुधाच्या दातालाही हेच लागू. टोक तुटून मधोमध लाल किंवा काळा ठिपका दिसत असेल तर आतली नस उघडी पडली आहे. जंतू त्या वाटेनं मुळापर्यंत आणि तिथून खाली वाढणाऱ्या कायमच्या दातापर्यंत पोचतात. दात पडणारच आहे, मग कशाला काढायचा, हा हिशेब इथे चुकतो.

काहीतरी अडकलंय

कालपर्यंत ठीक होतं आणि दोन-चार दिवसांत एकदम सडका वास सुटला, तर पहिला संशय हाच. काडीचा किंवा हाडाचा तुकडा वरच्या दोन बाजूंच्या दाढांच्या मधे टाळूला आडवा बसतो. पिल्लू पंजानं तोंड घासतं, जबडा चावल्यासारखा हलवतं, लाळ गाळतं, आणि भूक असेल तर खातंही. म्हणूनच कुणाला शंका येत नाही. बॅटरीच्या उजेडात टाळू बघितला की आडवी काडी स्पष्ट दिसते. ती सैल असेल आणि पिल्लू शांत असेल तर एका टोकाला धरून खालच्या बाजूला सोडवा. घशाकडे ढकलू नका. घट्ट रुतली असेल तर हे डॉक्टरांचं काम, भूल लागते. निघाल्यावर दोन-तीन दिवस मऊ खाणं द्या. वास बहुधा तेवढ्यात जातो.

जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर मात्र तो ओढू नका आणि कापूही नका. त्याचं दुसरं टोक आतड्यात असू शकतं, आणि ओढलेला दोरा आतडं करवतीसारखा कापतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दातांशी संबंध नसलेली कारणं

वासाला विष्ठेची झाक असेल तर पिल्लू शी खातंय. या वयात ही सवय पुष्कळांना असते. ओरडून ती वाढते, कारण पिल्लू घाईनं गिळायला शिकतं. शी झाली की लगेच त्याला खाऊ दाखवून बाजूला बोलवा आणि शी उचला. जंताचं औषध वेळेवर द्या: १२ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, वजनाप्रमाणे.

ओठांच्या घड्या रोज ओल्या मऊ कापडानं पुसून पूर्ण कोरड्या करा. कोरडं करणंच महत्त्वाचं, ओल राहिली की सगळी मेहनत फुकट. कातडी लाल आणि चिकट झाली असेल तर औषध लागेल.

तोंडात फुलकोबीसारखे मस्से दिसले तर घाबरू नका. तरुण कुत्र्यांत विषाणूमुळे हे येतात आणि बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप झडतात. माणसाला लागत नाहीत, पण दुसऱ्या कुत्र्याला लागतात, म्हणून भांडी आणि खेळणी वेगळी ठेवा. चावताना त्यांतून रक्त येत असेल किंवा गिळायला अडत असेल तर ते काढावे लागतात.

पाण्याच्या भांड्याच्या आत बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तोही जंतूंचा थरच. भांडं रोज साबणानं घासा.

आता गंभीर कारणांकडे. लघवीसारखा किंवा अमोनियासारखा वास मूत्रपिंड बिघडल्याचा असू शकतो. काही पिल्लांची मूत्रपिंडं जन्मतःच नीट घडलेली नसतात. सोबत वजन न वाढणं, तोंडात छाले आणि भरमसाट तहान असते. तहान मोजता येते: सकाळी पाणी मापून ठेवा, २४ तासांनी उरलेलं मोजा. दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरच्या वर जात असेल तर रक्त-लघवी तपासून घ्या. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास मधुमेहात येतो. या वयात तो विरळा, पण वासासोबत उलट्या आणि मरगळ असेल तर तासांचा प्रश्न असतो, उद्यावर टाकू नका. लसीकरण अपुरं असलेलं पिल्लू उलट्या करतंय, जुलाब होतायत आणि तोंडाला घाण वास आहे, तेव्हाही तसंच.

रोज दात घासायची सवय

जागा सापडली, अडथळा दूर झाला, तरी वास परत येऊ नये यासाठी एकच खात्रीचा उपाय आहे: ब्रश. दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी कडक व्हायला लागतो. कुत्र्याची लाळ माणसापेक्षा जास्त अल्कधर्मी असते, म्हणून त्याचे दात किडतात कमी आणि कीटण धरतात जास्त. आठवड्यातून एकदा घासून काही साधत नाही ते यामुळेच. रोज घासा, निदान एक दिवसाआड.

लागणाऱ्या वस्तू: मऊ केसांचा लहान ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट. माणसाची पेस्ट वापरू नका. ती गिळायची नसते आणि कुत्र्याला थुंकता येत नाही. फ्लोराइड आणि फेस पोटात जातो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ, असतं. किलोमागे ०.१ ग्रॅम झायलिटॉलही कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत पाडू शकतं, त्याहून जास्त गेलं तर यकृत निकामी होऊ शकतं.

सवय दोन-तीन आठवड्यांत लावायची. पहिले तीन-चार दिवस बोटावर पेस्ट घेऊन नुसती चाटू द्या आणि ओठ उचलून सोडून द्या. पुढचे तीन-चार दिवस बोटाला गॉज गुंडाळून सुळ्यांवरून फिरवा. मग दाढांपर्यंत जा. दुसऱ्या आठवड्यात ब्रश आणा. आधी फक्त सुळे, पाच सेकंद, आणि लगेच शाबासकी. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजू. पिल्लू डोकं मागे घ्यायला लागलं की एक पायरी खाली या. घाई केलेल्या पिल्लाला ब्रश दिसला की ते पलंगाखाली जातं, आणि तिथून सवय लावणं दुप्पट अवघड होतं. दात बदलताना हिरडी दुखरी असेल त्या दिवसांत फक्त पेस्ट चाटवा.

घासताना जबडा उघडायची गरज नाही. तोंड मिटलेलंच ठेवा, ओठ उचला, गालाच्या आत ब्रश सरकवा. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती केसांच्या आत दाबून बसवा, नाहीतर पहिल्याच झटक्यात चाटून संपते. ब्रश हिरडीकडे ४५ अंशांत तिरका धरा आणि लहान लहान गोल फिरवा. सुरुवात वरच्या मोठ्या दाढेपासून करा, म्हणजे पिल्लू कंटाळलं तरी महत्त्वाची जागा झालेली असते. दर बाजूला ३० सेकंद. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते, तिच्यासाठी भांडू नका. पहिल्या आठवड्यात ब्रशला थोडं रक्त लागलं तर ते सुजलेल्या हिरडीचं असतं. बंद करू नका, हात हलका करा. दोन आठवड्यांनीही रक्त येत असेल तर दाखवा.

ब्रश अजिबात चालत नसेल तर ०.१२ टक्क्यांचं, प्राण्यांसाठीचं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक गॉजवर घेऊन हिरडीच्या कडेला लावता येतं. ते डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस, कारण लांबल्यास दात डागाळतात. खायचा सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड, टी ट्री तेल यांपैकी काहीही तोंडात घालू नका. पेरॉक्साइडनं उलट्या होऊन जठराला जखमा होतात आणि टी ट्री तेल कुत्र्याला विषारी आहे.

चावायच्या वस्तूंची मदत होते, पण ब्रशची जागा त्या घेत नाहीत. निवडताना अंगठ्याचं नख रोवून बघा: खूण उमटली तर ठीक. उमटली नाही तर ती वस्तू दातापेक्षा कडक आहे. हाडं, शिंगं, खूर यांनी वरच्या मोठ्या दाढेची कपचीच्या कपची उडते, आणि वासाचं नवं कारण तयार होतं. व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिलचा शिक्का असलेली वस्तू मिळाली तर ती घ्या. तिचा परिणाम तपासलेला असतो. या वस्तूंचे उष्मांक दिवसाच्या खाण्याच्या एक दशांशाच्या वर जाऊ देऊ नका.

डॉक्टरकडे कीटण काढताना

कडक झालेलं कीटण ब्रशनं निघत नाही आणि घरी खरवडून काढायला जाल तर दातावर ओरखडे पडतील, त्यात थर आणखी लवकर बसतो. भूल न देता दात पांढरे करून देणारी सफाई करून घेऊ नका. तिथे दिसणारा भाग चकचकीत होतो, पण वास हिरडीच्या आतल्या कप्प्यात तयार होत असतो आणि शुद्धीवर असलेला कुत्रा तिथे हात लावू देत नाही. नीट सफाई भुलीखाली होते: आधी रक्ततपासणी, मग दातांचे एक्स-रे, हिरडीखालची सफाई आणि शेवटी पॉलिश. नुसती सुजलेली हिरडी यानंतर पूर्ववत होते. हाड झिजलं असेल तर ते भरून येत नाही, म्हणून लवकर जाण्यात फायदा आहे.

जाण्यापूर्वी वास कधीपासून आहे, कशासारखा आहे, खाताना कुठल्या बाजूनं चावतो, पाणी किती पितो आणि कुठले दात कधी पडलेले दिसले, एवढं लिहून न्या. ओठ उचलून दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, कारण टेबलावर घाबरलेलं पिल्लू तोंड उघडू देत नाही.

दात काढले असतील तर १०–१४ दिवस भिजवलेलं खाणं द्या, चावायची खेळणी उचलून ठेवा आणि टाक्यांच्या जागी ब्रश फिरवू नका. बाकीचे दात डॉक्टरांनी होकार दिला की गॉजनं पुसत राहा. फक्त सफाई झाली असेल आणि हिरडी दुखत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच ब्रश सुरू करा, कारण स्वच्छ दातावर नवा थर काही तासांतच बसायला लागतो.